निंबाला बांधलेला तिसरा ताण

हे मी सांगायचं नव्हतं. आमच्या जातीला एक नियम आहे, जे अंगातून गेलं ते बाहेर बोलायचं नाही. नानांनी तो नियम पुनमला सांगितला तेव्हा मीही ऐकला होता. पण आज सात वाजायला अजून थोडा अवकाश आहे, खाली सगळे घड्याळाकडे बघत बसलेत आणि मला राहवत नाही. म्हणून निरोपांतलं काही न सांगता बाकीचं सांगून टाकते.

मी एक अँटेना आहे. साक्रीत एका दुमजली घराच्या गच्चीवर, अठरा फुटी लोखंडी पाइपाच्या टोकावर मी राहते. टीव्हीची थाळी नव्हे. गल्लीतली मुलं मला "माशाचा काटा" म्हणतात. एक लांब कणा आणि त्याला पाच काड्या, दिसते मी तशीच, म्हणून मला त्याचा राग येत नाही.

माझा जन्म दिवाळीनंतर याच घराच्या ओट्यावर झाला. मला घडवलं लीलाधर नानांनी. नाना पोलीस खात्यात वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कुणी हाक मारली की त्यांचा अंगठा आपोआप बटण दाबल्यासारखा हलतो. माझा कणा म्हणजे शेतात पाण्यासाठी वापरतात तो प्लास्टिकचा पाइप. काड्या ॲल्युमिनियमच्या, त्या जळगावहून आणल्या. नाना मापं सांगत आणि त्यांची नात पुनम करवतीने कापत असे. मागची काडी सगळ्यांत लांब, पुढच्या थोड्या थोड्या आखूड. एक काडी दोन मिलिमीटर जास्त कापली गेली, तर पुनमने ती कुणाला न विचारता बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. तेव्हाच मला वाटलं, ही मुलगी डोळ्यांनी विचार करते.

माझ्याऐवजी दुसरीच कुणी इथे आली असती. भूपेंद्रने, म्हणजे नानांच्या धाकट्या मुलाने, बाजारातून एक सरळ काठीसारखी अँटेना पसंत केली होती.

"नाना, ती उभी करा ना, झायं काम. ही इतली काड्यासनी कटकट कशाले?"

नाना म्हणाले, "ती काठी चारी दिशांना सारखी बोलते. आपल्याला चारी दिशांना कोण आहे? आपलं माणूस एकाच दिशेला आहे."

ते माणूस म्हणजे पुनमची आई, प्रमिलाबाई. त्या डोंगरातल्या उंबरपाडा नावाच्या गावात, आरोग्य उपकेंद्रात नर्स आहेत. पुनमचे वडील सुरतेला नोकरीला. पुनम नववीत, शाळेसाठी आजोबांकडे राहते. उंबरपाड्याला मोबाइलची रेंज नाही. गावाबाहेर एक खडक आहे, त्याच्यावर उभं राहिलं तर कधी येते, कधी येत नाही. म्हणून नानांनी सुनेला हौशी रेडिओची परीक्षा द्यायला लावली. आधी परीक्षा, मग परवाना, मग यंत्र, हा त्यांचा क्रम. प्रमिलाबाई पास झाल्या आणि माझ्यासारखीच एक बहीण त्यांच्या उपकेंद्राजवळच्या घरावर उभी राहिली. तिच्या काड्याही उभ्या आणि माझ्याही उभ्या. एकीच्या उभ्या आणि दुसरीच्या आडव्या असत्या, तर आमचं एकमेकींशी नीट पटलं नसतं. समोरासमोर असूनही आवाज क्षीण झाला असता.

मला उभं करायचा दिवस अजून आठवतो. घराच्या पश्चिमेला गल्ली आहे आणि गल्लीवरून विजेची मोठी लाइन जाते. नानांनी पुनमच्या हातात दोरी दिली आणि म्हणाले, "ही पाइपासकट उद्या आडवी पडली, तर हिचं टोक त्या तारेच्या जवळपासही जाता कामा नये. उंचीच्या दीडपट जागा मोकळी पाहिजे. मोज." पुनमने जमिनीवरूनच पावलं टाकून मोजलं आणि वहीत लिहिलं. पश्चिमेचा कोपरा बाद झाला. माझी जागा पूर्वेच्या कोपऱ्यात ठरली.

मग अर्थिंग. अंगणात खोल खड्डा केला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी सोडली आणि माझा पाइप तिला जोडला. केबल घरात जाते तिथे वीज अडवणारी एक डबी बसवली. खिडकीतून आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळावरून गळून जातं, घरात येत नाही. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तर उपयोगाचा राहत नाही, म्हणून पुनम रोज एक बादली पाणी त्यात ओतते. धुळे जिल्ह्याच्या उन्हाळ्यात तांब्याच्या पट्टीला पाणी पाजणारी ही एकच मुलगी असेल.

पाइप सरळ राहायला तीन बाजूंनी तारेचे ताण हवेत. दोन ताण कठड्याच्या कड्यांना बांधले. तिसऱ्यासाठी अंगणात खुंटी ठोकायची होती. पण दुपार झाली होती, ऊन तापलं होतं आणि मागच्या अंगणातल्या निंबाची एक जाड फांदी अगदी हाताशी होती. भूपेंद्रने ताण तिलाच गुंडाळला.

नाना खालून ओरडले, "झाडले नको बांधू रे! झाड हालस."

"नाना, आजाना येळपासून उभं शे ते. ते काय हालस!"

"खुंटी ठोक."

"ठोकस ना. दोन दिननी गोट शे."

माणसांची ही सवय मला फार नवलाची वाटते. दोन दिवसांसाठी केलेलं काम ते विसरतात आणि कायमचं केलेलं काम दोन दिवसांत बदलतात. माझा तिसरा ताण सहा महिने निंबालाच राहिला.

ते सहा महिने मजेत गेले. रोज संध्याकाळी सातला उंबरपाड्याशी बोलणं होई. काय बोलत ते सांगणार नाही. पण माणसं कशी बोलतात ते सांगायला हरकत नसावी. समोरच्याचा आवाज स्पष्ट आलेला असतो, तरी पहिला प्रश्न "ऐकू येतंय का?" असाच असतो. गाव लांब आहे म्हणून नाना मोठ्याने बोलतात. त्याची काही गरज नसते, ते काम माझं आहे. आणि "सगळं ठीक आहे" हे वाक्य आधी येतं, जे ठीक नसतं ते त्याच्यानंतर दोन वाक्यांनी येतं.

एका वेळी माझ्यातून एकच आवाज जातो. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो आणि बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं. माणसांनी घरातही असं करून बघावं असं मला वाटतं.

मला एकाच आवाजाची उत्सुकता होती. पुनमच्या. कानावर पडलेला आवाज वेगळा आणि अंगातून गेलेला वेगळा. अंगातून गेला की आवाजाचं सगळं कळतं, तो कुठे जाड आहे, कुठे थरथरतो. फाल्गुनात पुनमचाही परवाना आला. नानांनी पेढे वाटले. पण पुनमने बटण काही दाबलं नाही. ती रोज नानांशेजारी बसायची, आई काय म्हणते ते कान लावून ऐकायची. आई विचारायची, "पुनम आहे का?" तर मान हलवायची. रेडिओवर मान हलवलेली दिसत नाही. मग नाना सांगायचे, "आहे, मान हलवतेय. ओव्हर."

ती बोलत नसे, पण बघत असे. गच्चीच्या दाराशी तिने एक वीट ठेवली होती. विटेवर उभं राहून पाहिलं की माझं नाक, म्हणजे कण्याचं पुढचं टोक, पश्चिमेच्या दोन डोंगरांमधल्या खाचेवर बरोबर येई. त्या खाचेपलीकडे उंबरपाडा. अर्थिंगला पाणी घालायच्या आधी ती रोज विटेवर चढायची, एक डोळा मिटायची आणि खाली उतरायची. बस, एवढंच.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. रूपाआत्या, म्हणजे नानांची मुलगी, जामनेरहून आली. शेजारच्या चारपाच लेकीही आल्या. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, घागरी पुजल्या आणि निंबाला झोका बांधला. बांधला तोही त्याच जाड फांदीला, जिच्यावर माझा तिसरा ताण होता.

अहाहा, काय झोके घेतले त्यांनी! दोघी दोघी उभ्या राहून, गाणी म्हणत, पार कठड्यापर्यंत. प्रत्येक झोक्याला फांदी वाकायची. ताण खेचला जायचा, मग ढिला पडायचा. माझ्या कण्यापर्यंत हिसका यायचा. मला गुदगुल्या होत होत्या, म्हणून मीही हसत होते. मला काय ठाऊक, मला पाइपाला आवळून धरणारी पकड सैल होतेय?

पुनम पायरीवर बसून बघत होती.

"ये पोर, नुसती देखत राहस का? बस ना झोकावर!" रूपाआत्या म्हणाली. "आन बोल तरी काही! तोंडमा गूळ धरेल शे का?"

सगळ्या हसल्या. पुनमही हसली. पण तिची नजर झोक्यावर नव्हती. फांदीवरून ताणावर, ताणावरून माझ्यावर अशी ती वर वर येत होती.

संध्याकाळी ती विटेवर चढली, तेव्हा माझं नाक खाचेवर नव्हतं. पाण्याच्या टाकीकडे वळलं होतं. रात्रीच्या जेवणात तिने "झोक्यामुळे..." एवढंच म्हटलं. तेवढ्यात भूपेंद्रने आमरसाची दुसरी वाटी सांडली आणि एकच हशा पिकला. तिचं वाक्य तिथेच राहिलं.

त्याआधी सातला उंबरपाडा लागलंच नव्हतं. नुसती खरखर. त्यात डोंगराच्या बाजूला विजा चमकायला लागल्या, म्हणून नानांनी केबल काढून ठेवली. विजा दिसल्या की माझं बोलणं बंद, हा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या लोकांकडून कळलं की वरच्या पाड्यांत वादळाने घरांचे पत्रे उडाले. मोबाइल लावला तर खडकावरची रेंजही गेलेली. सातला पुन्हा खरखर. तिसऱ्या दिवशीही तेच. नाना हाका मारून मारून घोगरे झाले. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, हिरवा चष्मा लावून ते खाली बसायचे. मी कुठे बघतेय हे त्यांना कसं दिसणार? त्यांना वाटलं, वादळात सुनेच्या यंत्राचं काही बिघडलं. ती स्वतः कशी आहे हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

काल दुपारी भूपेंद्रची सहनशक्ती संपली.

"जागाच चुकनी," तो म्हणाला. "पश्चिमना कोपरा मोकळा शे, डोंगर समोर शे. तठे नेतो."

त्याने शेजारच्या कौतिकला हाक मारली. नाना आत निजले होते. दोघांनी कठड्याचे दोन्ही ताण सोडले, निंबावरची तार सोडली, अर्थिंगचा नट काढला आणि मला पाइपासकट उभीच उचलून चालू लागले. अठरा फुटांचा पाइप उभा धरून चालणं म्हणजे काय ते त्यांना चार पावलांत कळलं. मी एकदा इकडे झुकले, एकदा तिकडे. पाचव्या पावलाला पश्चिमेकडे झुकले आणि परत सरळ होईना. समोर विजेची तार. तिची बारीक गुणगुण मला ऐकू येऊ लागली. त्या तारेचं आणि माझं काही वैर नाही. पण मी तिला शिवले असते, तर ती माझ्यातून, पाइपातून त्या दोघांपर्यंत गेली असती. दोघंही अनवाणी होते.

तेवढ्यात पुनम बादली घेऊन वर आली. अर्थिंगचा खड्डा अंगणात आहे, पण पाणी ओतायच्या आधी ती विटेवर चढून बघते, तशी आली होती.

"काका," ती म्हणाली. नेहमीसारखी, स्वतःशीच म्हटल्यासारखी.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"काका, तार."

भूपेंद्रची नजर पायांकडे, कौतिकची पाइपाकडे. माझं नाक तारेपासून दोन हातांवर.

आणि मग तो आवाज आला.

"काकाऽऽ! थांबाऽऽ! मागे घ्या! तार आहे!"

बादली हातातून सुटली, पाणी गच्चीभर झालं. भूपेंद्र दचकला आणि त्या दचकण्यात त्याने पाइप स्वतःकडे ओढला. दोघं मागे सरकत सरकत आले आणि मला पूर्वेच्या बाजूला आडवी ठेवून मटकन खाली बसले. माझी एक काडी थोडी वाकली. त्यांचं काही वाकलं नाही.

खालून नानांचा आवाज आला, "कोण व्हती ती? कोण वरडनं?"

रूपाआत्या जिन्यात उभी होती. ती वर बघत राहिली, मग म्हणाली, "नाना, तुमनी नात."

"पुनम?" नाना म्हणाले. इतके दिवस एका घरात राहून त्यांना तिचा मोठा आवाज ओळखता आला नव्हता. कधी ऐकलाच नव्हता ना.

नाना जिन्याला धरून धरून वर आले. भूपेंद्रने तारेकडे पाहिलं, मग पाइपाकडे, आणि तळहात पँटला पुसत राहिला. कुणीच त्याला रागावलं नाही. ते त्याला जास्त लागलं असावं.

मग पुनम बोलली. हळू, पण सगळं. फांदी, झोका, ताण, सैल झालेली पकड, पाण्याच्या टाकीकडे वळलेलं माझं नाक. जागा चुकलेली नाही, दिशा चुकली आहे, असं तिने सांगितलं.

"पहिले काबर नही सांगं, माय?" रूपाआत्याने विचारलं.

"तुमचा झोका सोडावा लागला असता," पुनम म्हणाली. "तुम्ही वर्षातून एकदा येता."

रूपाआत्याने पुनमच्या डोक्यावर टपली मारली आणि बराच वेळ हात काढला नाही.

नाना म्हणाले, "भूपेंद्र, आता तरी खुंटी."

आज सकाळी तीन फुटी लोखंडी अँगल अंगणात तिरका ठोकला. घण भूपेंद्रनेच मारला, एकदाही "दोन दिननी गोट" म्हणाला नाही. मला उभी करायच्या आधी त्याने पुनमला विचारलं, "मॅडम, करू का उभी?" पुनमने दोरीने पुन्हा मोजलं, मग मान हलवली. मग आठवण झाल्यासारखं करून म्हणाली, "हो." पायात बूट, दोरीला खाली चार माणसं, गच्चीवर एक जण फक्त तारेवर नजर ठेवायला. वाकलेली काडी सरळ केली, पकडीचे नट आवळले, अर्थिंग जोडलं. शेवटी पुनम विटेवर चढली आणि हाताने डावीकडे, अजून डावीकडे, थोडं उजवीकडे अशा खुणा करत राहिली. माझं नाक खाचेवर आलं.

झोकाही निंबालाच आहे. आता फक्त तो एकटाच आहे तिथे. संध्याकाळी रूपाआत्याने पुनमला जबरदस्तीने बसवलं आणि फांदी वाकली तरी मी हलले नाही.

आता खाली सगळे रेडिओपुढे बसलेत. सातला दोन मिनिटं आहेत. नाना आपली खुर्ची सोडून पलंगावर बसले. म्हणाले, "माझा घसा बसलाय." तो दुपारीच सुटला होता, मी ऐकलंय. खुर्ची रिकामी नाही, कुणीतरी बसलंय.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. कुठे माझ्यासारखी कुणी उभी करायची असेल, तर आधी वर बघा, तारा कुठे आहेत ते. तिचं अर्थिंग तहानलेलं ठेवू नका. ताण झाडाला बांधू नका, झाडाला त्याची कामं असतात. आणि घरात कुणी हळू आवाजात काही म्हणत असेल तर

थांबा. डोंगराकडून काहीतरी येतंय. खरखर. पुन्हा खरखर. त्यामागे आवाज.

"साक्री, साक्री... उंबरपाडा बोलतंय. मी ठीक आहे. चार दिवस हाका मारतेय. कुणी ऐकतंय का? ओव्हर."

ठीक आहेत! खाली कुणीतरी "माय वं!" म्हणालं. आता त्यांना उत्तर जायला हवं. कुणीच काही बोलत नाही. का बोलत नाहीत? बटण दाबलं गेलं, मला कळलं, पण आवाज येत नाही. नुसता श्वास. हा श्वास मी पूर्वी कधी

"मम्मी, मी पुनम बोलतेय. ऐकू येतंय का? ओव्हर."

पातळ आहे, पण थरथरत नाही. मध्ये थोडा जाड होतो, अगदी नानांसारखा. एका वेळी माझ्यातून एकच आवाज जातो, त्यामुळे मला आता गप्प बसून